शेजाऱ्याचा बांध आणि मित्राचा शब्द

गावगाड्यात बांधाचे तंटे काही नवे नाहीत. नांगरणीच्या दिवसांत मोठा शेजारी दरसाल वीत वीत बांध कोरीत पुढे सरकतो आणि दहावीस गुंठ्यांचा धनी निमूटपणे पाहत राहतो. कारण शेजाऱ्याच्या दारी बैलांच्या चार जोड्या आहेत, हाताखाली गडी आहेत आणि कचेरीत ओळखही आहे. 'बळी तो कान पिळी' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी पुस्तकातून घेतलेली नाही. अशा वेळी त्या गरिबाने करावे काय? मारामारी केली तर मार तोच खाणार. कोर्टाची पायरी चढला तर उरलेले गुंठेही वकिलाच्या घरी जाणार. शेवटी तो अशा एखाद्या गृहस्थाचे दार ठोठावतो, की ज्याचे आपल्याशीही बरे आहे आणि शेजाऱ्याशीही बरे आहे. "तुम्ही काठी घेऊन माझ्या बाजूने उभे राहा असे मी म्हणत नाही. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा," एवढेच त्याचे मागणे असते.

त्या दोन शब्दांचे मोल केवढे असते, आणि ते कोणासाठी उच्चारले जातात व कोणासाठी उच्चारले जात नाहीत, हे एका लहान देशाच्या इतिहासावरून आज वाचकांपुढे मांडावयाचे योजिले आहे. देशांच्या भांडणांतही बांधच असतात. कधी ते डोंगरावरून जातात, कधी नदीतून, आणि या हकीकतीत आहे त्याप्रमाणे कधी समुद्राच्या पाण्यावरून.

युरोपच्या वायव्येस, उत्तर ध्रुववृत्ताला लागून, आइसलंड नावाचे बेट आहे. ज्वालामुखी, हिमनद्या आणि ओसाड पठारे यांनी त्याचा मोठा भाग व्यापलेला आहे. १९७५ च्या सुमारास तेथील लोकवस्ती सुमारे २ लाख २० हजार होती; म्हणजे त्या काळच्या गोव्याच्या लोकवस्तीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेथे धान्य फारसे पिकत नाही, कोळसा नाही, खनिज तेल नाही. जे काही आहे ते भोवतालच्या समुद्रात. त्यातही मुख्य म्हणजे कॉड नावाचा मासा. तो खारवून किंवा वाळवून ठेवला असता महिनोन्महिने टिकतो. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक युरोपात शतकानुशतके या माशाचा मोठा व्यापार चालत आला. पोर्तुगीज भाषेत त्यालाच 'बाकाल्याव' म्हणतात, आणि गोव्यातील जुन्या घरांतून हे नाव अनोळखी नाही.

हा देश दीर्घकाळ डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली होता. १९४४ साली त्याने स्वतःचे प्रजासत्ताक स्थापन केले. सैन्य मात्र त्याने उभारले नाही, आणि ते त्याला परवडणारेही नव्हते. किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या थोड्याशा बोटी एवढेच त्याचे बळ. आणि समुद्रापलीकडचा त्याचा शेजारी कोण? तर साडेपाच कोटी लोकवस्तीचे ब्रिटन, ज्याच्या आरमाराचा दरारा सातही समुद्रांवर होता.

तंट्याचे मूळ असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हल, ग्रिम्झबी, फ्लीटवुड आदी ब्रिटिश बंदरांतून वाफेवर चालणारी मोठी मासेमारी जहाजे आइसलंडच्या किनाऱ्याशी येऊ लागली. या जहाजांना ट्रॉलर म्हणतात. पिशवीसारखे प्रचंड जाळे पोलादी दोरांनी समुद्राच्या तळावरून ओढीत नेणे ही त्यांची रीत. त्या जाळ्यात मोठी मासळी येते तशी पिल्लेही येतात. १९०१ साली डेन्मार्क आणि ब्रिटन यांच्यात करार झाला आणि किनाऱ्यापासून अवघ्या ३ सागरी मैलांपर्यंतचे पाणी तेवढे आइसलंडचे ठरले. तो करार करताना आइसलंडच्या कोळ्यांना कोणी विचारले नव्हते. ५० वर्षांची त्याची मुदत संपताच, १९५२ साली, आइसलंडने आपली हद्द ४ मैलांवर नेली आणि लहानमोठ्या आखातांची तोंडे परकीय ट्रॉलरांना बंद केली.

यावर ब्रिटनमधील ट्रॉलरमालकांनी आइसलंडच्या मासळीला आपल्या बंदरांत उतरूच द्यायचे नाही असा बहिष्कार पुकारला. ज्याचे सारे पोट एका बाजारावर अवलंबून, त्याचा तो बाजार बंद केला की तो आपोआप गुडघे टेकील, असा हिशेब होता. पण तो चुकला. १९५३ साली सोव्हिएत रशियाने आइसलंडशी व्यापारी करार केला आणि मासळीच्या बदल्यात तेल देऊ केले. ज्या देशाला आपण पाश्चात्त्य गोटातला समजतो तो दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिलेला पाहून अमेरिकेची झोप उडाली, यात नवल नाही. चार वर्षांनी, १९५६ साली, बहिष्कार उठला आणि ४ मैलांची हद्द कायम राहिली. दुबळ्याचे एक दार लावून घेतले की तो उपाशी मरतोच असे नाही. तो दुसरे दार शोधतो, आणि ते दार कोणाचे असेल हे ठरविणे मग आपल्या हाती राहत नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. १९४९ साली अमेरिका, ब्रिटन आदी १२ देशांनी परस्परसंरक्षणासाठी जो करार केला, ज्याला आपण 'नाटो' म्हणून ओळखतो, त्यात सैन्य नसलेले आइसलंडही सामील झाले. १९५१ साली अमेरिकेशी संरक्षणाचा वेगळा करार झाला आणि केफ्लाविक येथे अमेरिकेचा लष्करी तळ कायम झाला. रशियन पाणबुड्यांना उत्तरेकडून अटलांटिक महासागरात उतरावयाचे झाल्यास ग्रीनलंड, आइसलंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या पाण्यातूनच यावे लागे. त्या वाटेवर नजर ठेवण्यास केफ्लाविकसारखी दुसरी जागा नव्हती. म्हणजे परिस्थिती मोठी चमत्कारिक होती. ज्याच्याशी तंटा तो शेजारी आणि ज्याच्याकडे दाद मागावयाची ते मित्र, सारे एकाच घरचे!

१ सप्टेंबर १९५८ रोजी आइसलंडने आपली हद्द १२ मैल केली. ब्रिटनने ती मानण्याचे नाकारले आणि आपल्या ट्रॉलरांच्या रक्षणासाठी लढाऊ जहाजे पाठविली. दुसऱ्याच दिवशी आइसलंडच्या किनारारक्षकांनी हद्दीत शिरलेल्या एका ट्रॉलरवर पाय ठेवला, तेव्हा ब्रिटिश आरमाराच्या माणसांनी त्यांच्यापैकी ९ जणांना ताब्यात घेऊन आपल्या जहाजावर ठेवले. पुढे एका रात्री त्यांना वल्ह्याच्या होडीत बसवून केफ्लाविकजवळ किनाऱ्याच्या दिशेने सोडून देण्यात आले. स्वतःच्या पाण्यात स्वतःचाच कायदा चालवू पाहणाऱ्या माणसांची ही संभावना आइसलंडच्या लोकांच्या जिव्हारी लागली. मित्रराष्ट्रांनी बोलणी चालू ठेवण्यास दोघांनाही भाग पाडले आणि ११ मार्च १९६१ रोजी तडजोड झाली. ब्रिटनने १२ मैल मान्य केले. त्या बदल्यात पुढे हद्द वाढविण्यावरून वाद झाल्यास तो हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येईल, अशी अट आइसलंडने पत्करली.

पुढे समुद्रातील मासळी घटू लागली. जाळी मोठी झाली, यंत्रे तीक्ष्ण झाली, आणि कॉडला वाढावयास अवधी मिळेनासा झाला. १९७१ साली उलाफुर योहानेसन यांचे मंत्रिमंडळ आइसलंडमध्ये अधिकारावर आले, ते दोन घोषणा करून. एक, मासेमारीची हद्द ५० मैल करू. दुसरी, अमेरिकेच्या तळाच्या कराराचा पुनर्विचार करू. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कोणी उघड म्हणत नव्हते. पण ती शेजारी शेजारी ठेवलेली असल्यामुळे वाचणाऱ्याला जे समजावयाचे ते समजत होते.

१ सप्टेंबर १९७२ पासून ५० मैलांची हद्द लागू झाली. या वेळी आइसलंडच्या बोटींपाशी एक साधे पण अजब हत्यार होते. बोटीच्या मागे पाण्यातून ओढावयाचा तो एक धारदार आकडा होता. ट्रॉलरच्या मागून आडवे जाऊन त्याचे पोलादी दोर या आकड्याने कापले की हजारो रुपयांचे जाळे, आतील मासळीसह, समुद्राच्या तळाशी जाई. त्यात सहसा माणसाला इजा होत नसे. इजा होई ती मालकाच्या तिजोरीला. मे १९७३ मध्ये ब्रिटिश लढाऊ जहाजे ५० मैलांच्या आत शिरली. जहाजांवर जहाजे आदळू लागली. अशाच एका धडकेनंतर, २९ ऑगस्ट १९७३ रोजी, फुटलेला पत्रा सांधीत असताना आइसलंडच्या बोटीवरील एक अभियंता विजेचा धक्का बसून मरण पावला. 'कॉड युद्ध' हे नाव वृत्तपत्रांनी विनोदाने ठेवले असले तरी त्या घरच्या माणसांना त्यात विनोद दिसला नसेल.

आता आइसलंडने आपल्या मित्रांपुढे रोखठोक प्रश्न टाकला. आम्ही या संघटनेत आलो ते आमचे रक्षण व्हावे म्हणून. आज आमच्या पाण्यात परकी लढाऊ जहाजे आहेत, आणि ती शत्रूची नसून याच संघटनेतील एका सभासदाची आहेत. मग ही संघटना आमच्या काय उपयोगाची? जहाजे काढून घेतली नाहीत तर ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडू, असे आइसलंडने सप्टेंबर १९७३ मध्ये बजावले. नाटोचे सरचिटणीस, हॉलंडचे जोसेफ लुन्स, लगोलग राजधानी रेक्याविक येथे गेले. लुन्स यांच्यापाशी फौज नव्हती. त्यांच्यापाशी होता तो दोन्ही घरी प्रवेश. ब्रिटनचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी जहाजे हद्दीबाहेर घेतली, योहानेसन लंडनला गेले, आणि नोव्हेंबरात दोन वर्षांचा करार झाला. ब्रिटिश ट्रॉलरांनी वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार टनांहून अधिक मासळी नेऊ नये असे ठरले.

न्यायाची गोष्ट पूर्णपणे आइसलंडच्या बाजूची होती असे मात्र समजू नये. १९६१ च्या अटीप्रमाणे ब्रिटन १९७२ साली हेगच्या न्यायालयात गेले, तेव्हा आइसलंडने तेथे उभे राहण्याचेच नाकारले. २५ जुलै १९७४ रोजी न्यायालयाने १० विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की आइसलंडला एकतर्फी हद्द वाढवून ब्रिटिश जहाजांना हाकलून देता येणार नाही. तथापि आपल्या किनाऱ्यावर अवलंबून असलेल्या या देशाला मासळीत अग्रहक्क आहे, आणि दोन्ही पक्षांनी सद्भावनेने वाटाघाट करून मार्ग काढावा. दुबळा म्हणून प्रत्येक बाबतीत तोच खरा, असे म्हणणे म्हणजे दयेपोटी न्यायाला डोळे मिटावयास लावणे होय. पण निकालाचा शेवट वाचकांनी लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायपीठानेही अखेर 'एकत्र बसा आणि बोला' हेच सांगितले. आणि बलिष्ठाला बसावयास लावणे हेच तर मित्राचे काम.

ऑक्टोबर १९७५ मध्ये आइसलंडने हद्द २०० मैल केली आणि तिसरा, सर्वांत कडवा तंटा पेटला. त्या हिवाळ्यात आणि पुढील वसंतात ब्रिटनने आळीपाळीने एकूण २२ लढाऊ जहाजे तेथे पाठविली. आइसलंडपाशी पहाऱ्याच्या बोटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतही काही मासेमारीच्या बोटींवर तोफ बसवून तयार केलेल्या. त्याने अमेरिकेकडे वेगवान गस्ती नौका मागितल्या. अमेरिकेने त्या देण्यास नकार दिला. एका मित्राच्या हाती दुसऱ्या मित्रावर चालविण्यासाठी शस्त्र कसे द्यावे? ही अडचण खोटी नव्हती. पण त्या नकाराने केफ्लाविकच्या आसपासची मने मात्र फार दुखावली. जानेवारी १९७६ मध्ये मच्छीमारांनी तळाकडे जाणारे रस्ते अडविले. लुन्स पुन्हा रेक्याविकला धावले. पंतप्रधान गेइर हाल्ग्रिमसन, जे स्वतः नाटोचे कट्टर पुरस्कर्ते होते, लंडनला जाऊन हॅरॉल्ड विल्सन यांना भेटले. परंतु बोलणी फिसकटली. १९ फेब्रुवारी १९७६ रोजी आइसलंडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. नाटोच्या एका सभासदाने दुसऱ्याशी संबंध तोडण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता मित्रमंडळींना स्वस्थ बसणे शक्य नव्हते. मे महिन्यात नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे नाटोच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली. नॉर्वे हा आइसलंडचा जुना भाऊबंद आणि ब्रिटनचाही मित्र. नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री क्नुट फ्रुडेनलुंड यांनी दोघांना एका मेजाशी आणले. १ जून १९७६ रोजी करार झाला. सहा महिने रोज सरासरी २४ ब्रिटिश ट्रॉलरांना मुभा, आणि त्यानंतर ती मुभाही नाही. ब्रिटनच्या वतीने या करारावर सही करणारे परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड हे पार्लमेंटमध्ये ज्या गावाचे प्रतिनिधी होते त्याचे नाव ग्रिम्झबी. ज्या गावाची चूल या सहीने थंडावणार होती, त्याच गावाच्या प्रतिनिधीला ती करावी लागली.

आइसलंडला मित्रांकडून शेवटी मिळाले काय? गस्ती नौका मिळाल्या नाहीत, सैनिक मिळाले नाहीत, उघड पाठिंब्याची मोठी भाषणेही मिळाली नाहीत. मिळाली ती पडद्याआडची रदबदली, म्हणजेच दोन शब्द. आणि ते पुरेसे ठरले. त्यात त्या लहान देशाच्या शहाणपणाचा भाग होता, हे नाकारता येत नाही. त्याने दोर कापले पण माणसे मारली नाहीत. दार आपटले पण घर सोडले नाही. शिवाय काळ त्याच्या बाजूने वाहत होता. त्याच साली अमेरिकेनेही स्वतःसाठी २०० मैलांचा कायदा केला. १ जानेवारी १९७७ पासून ब्रिटन व त्याच्या युरोपीय सहकाऱ्यांनीही तीच हद्द स्वीकारली. ज्या मागणीसाठी जहाजांवर जहाजे आदळली ती वर्षभरातच सर्वांची झाली! आपल्या भारतानेही १९७६ साली सागरी क्षेत्रांचा कायदा करून २०० मैलांपर्यंतच्या पाण्यातील साधनसंपत्तीवर आपला हक्क सांगितला. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हेच तत्त्व जगाने लिहून ठेवले.

तथापि खरे कारण याहून खोल आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मित्र धावले ते केफ्लाविकमुळे. तळ गेला असता तर उत्तरेची खिडकी बंद झाली असती; म्हणून आइसलंडचे गाऱ्हाणे मोठ्या कानांपर्यंत पोचले. गरज होती म्हणून शब्द निघाला. ज्यांच्यापाशी केफ्लाविक नव्हते त्यांचे काय झाले, हे पाहावयाचे असेल तर त्याच हिवाळ्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडे वळले पाहिजे.

पूर्व तिमोर हा पोर्तुगीजांच्या ताब्यातील एका बेटाचा पूर्वार्ध. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत चाले, आणि तेथेही मिशनऱ्यांनी लावलेले श्रद्धेचे रोप रुजले होते. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी तेथील लोकांच्या एका पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले, आणि ७ डिसेंबरला बलाढ्य शेजारी इंडोनेशियाचे सैन्य राजधानी दिली येथे उतरले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर जाकार्तात होते. या बेताची कल्पना मिळूनही त्यांनी हरकत घेतली नाही, हे पुढे प्रसिद्ध झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून उघड झाले. डिसेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे आइसलंडची तक्रारही आली आणि तिमोरची हाकही आली. तिमोरविषयी २२ डिसेंबरला ठराव झाला, की इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावे. ठराव कागदावर राहिला. इंडोनेशिया मोठा देश, त्याच्यापाशी तेल, त्याची मैत्री अनेकांना हवी. तिमोरपाशी कोणाला हवे असे काही नव्हते. पुढील वर्षांत युद्ध, उपासमार आणि रोगराई यांनी तेथे एक लाखाच्या आसपास माणसे, कदाचित त्याहूनही अधिक, बळी पडली. पोर्तुगालने जुन्या जबाबदारीच्या जाणिवेने हा प्रश्न जागता ठेवला, १९९१ साली तो हेगच्या न्यायालयापर्यंतही नेला. तरीही ३० ऑगस्ट १९९९ चे सार्वमत येईपर्यंत जवळजवळ चोवीस वर्षे लोटली. त्या दिवशी ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि २० मे २००२ रोजी तो देश स्वतंत्र झाला.

एका देशाला सहा महिन्यांत शब्द मिळाला. दुसऱ्याला चोवीस वर्षे लागली. मासळीच्या टोपल्या आणि माणसांचे प्राण यांची तुलना केली तर कोणाची हाक अधिक तातडीची होती, हे सांगावयास पंडित लागत नाही. आम्हांस वाटते, की या दोन हकीकती नेहमी जोडूनच वाचाव्यात. पहिली वाचून असे वाटते, की जगात दुबळ्यालाही दाद मिळते. दुसरी वाचली म्हणजे कळते, की ती दाद न्यायाच्या ओढीने मिळाली नव्हती. ती गरजेच्या ओढीने मिळाली होती. आणि गरजेचा भरवसा काय? 'गरज सरो, वैद्य मरो' हे तर आपण रोज पाहतो. २००६ साली अमेरिकेचे सैन्य केफ्लाविकहून निघून गेले. तोच तंटा त्या दिवशी उद्भवला असता तर लुन्स यांच्या जागी असलेला गृहस्थ तितक्याच लगबगीने रेक्याविकला गेला असता काय?

या कथेतील तिसऱ्या घराकडेही एकदा पाहिले पाहिजे. ते घर हल, ग्रिम्झबी आणि फ्लीटवुड येथील खलाशांचे. बर्फाळ समुद्रात आठवडेच्या आठवडे काढून, कधी जहाजासकट बुडून, ज्यांनी मालकांचे वैभव उभारले, ती माणसे ब्रिटनचे मंत्री नव्हती की आरमाराचे सेनानी नव्हती. करार झाला, ट्रॉलर भंगारात गेले, आणि हजारो लोकांचा धंदा बसला. ज्यांनी पन्नाशीपर्यंत दुसरे काही केले नव्हते त्यांना दुसरे काही येत नव्हते. नुकसानभरपाईसाठी त्यांना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले. बलिष्ठ राष्ट्र हरले म्हणजे त्यातला बलिष्ठ मनुष्य हरतोच असे नाही; पुष्कळदा त्या राष्ट्रातला गरीबच हरतो. म्हणून मध्यस्थाने शब्द टाकताना दोन्ही घरांतील चुलींकडे पाहावे लागते. आइसलंडलाही विजयाने सारे साधले नाही. परकी ट्रॉलर गेले, पण स्वतःच्याच जहाजांनी मासळी उपसण्यास कमी केले नाही; शेवटी १९८४ पासून प्रत्येक जहाजाला ठराविक वाटा नेमून देऊन त्याला स्वतःच्याच हाताला लगाम घालावा लागला.

आपल्या किनाऱ्यालाही हे भांडण परके नाही. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा तेथे परकी आरमार नव्हते. दोन्ही बाजू आपल्याच होत्या. एकाच्या हाती किनाऱ्यावरून ओढावयाची रापण, दुसऱ्यापाशी तळ खरवडणारे यांत्रिक जाळे. पुष्कळ आंदोलने झाल्यावर १९८० साली मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. तेथेही प्रश्न तोच होता. दुबळ्याचे म्हणणे बलिष्ठाच्या कानी कोण घालणार?

वाचकहो, आपणांपैकी बहुतेक जण ना ब्रिटन आहेत, ना आइसलंड. आपण बहुधा तिसऱ्याच्या जागी असतो. दोघे भाऊ वाटणीवरून भांडतात, मोठा धाकट्याला विहिरीचे पाणी तोडतो, सावकार विधवेचा तुकडा गिळतो, आणि दोघेही आपल्याच ओळखीचे, दोघेही रविवारी आपल्याच बाकावर बसणारे असतात. तेव्हा आपण म्हणतो, "आम्हांला दोघेही सारखे, आम्ही कशाला मध्ये पडू?" हे बोलणे मोठे समंजसपणाचे वाटते. पण एक मनुष्य दुसऱ्याच्या बांधावर पाय रोवून उभा असताना 'दोघेही सारखे' म्हणणे म्हणजे त्या पायाला तेथेच राहू देणे होय. अशा वेळी गप्प राहणाऱ्याचे वजन आपोआप जडाच्याच पारड्यात पडते.

काठी घेऊन धावण्याची कोणी आपल्याकडे अपेक्षा करीत नाही. लुन्स काठी घेऊन गेले नव्हते, फ्रुडेनलुंडही गेले नव्हते. त्यांनी दार ठोठावले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि बलिष्ठ मित्राला सांगितले, की आता बसून बोलण्याची वेळ आली आहे. मोठ्या राष्ट्रांना हे करावयास एखादे केफ्लाविक लागते. एखाद्या लहान गावातील माणसाला ते लागू नये, एवढी अपेक्षा आपण स्वतःकडून करावयास हरकत नाही. ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळावयाचे नाही, अशा एखाद्याने उद्या आपले दार ठोठावले, तर पायांत चप्पल घालून त्याच्याबरोबर मोठ्या घरापर्यंत चालत जाणे आपल्याला जमेल काय?